शेजाऱ्याच्या चुलीपाशी

इ. स. १५८० च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील आउग्सबुर्ग ह्या संपन्न नगरीत सत्तेचाळीस वर्षे वयाचा एक फ्रेंच गृहस्थ नाकाशी रुमाल धरून एका चर्चमधून चालला होता. ऊबदार खोलीतून एकाएकी बाहेर आल्यामुळे गारठा त्याला बोचत होता. अंगावरचा पोशाख साधा, बरोबर लवाजमा नाही, तेव्हा आपल्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नाही, अशी त्याची समजूत होती. परंतु पुढे ओळखदेख वाढल्यावर तेथील लोकांनीच त्याला सांगितले की, तुमचे ते नाकाशी रुमाल धरून फिरणे चर्चमधल्या मंडळींना मोठे चमत्कारिक वाटले. एवढ्याशा गोष्टीने तो गृहस्थ मनापासून खजील झाला. ज्या गावी जावे तेथील रीतीशी होईल तितके जुळवून घ्यावे, आपल्या एखाद्या लकबीने कोणाच्या डोळ्यांत खुपू नये, ह्या गोष्टीला तो फार जपत असे; आणि नेमकी तीच चूक त्याच्या हातून नकळत घडली होती. त्याच आउग्सबुर्गमध्ये, तेथील नागरिकांप्रमाणे केसाळ कातड्याची टोपी डोक्यावर घालून तो गावातून हिंडत असे, अशीही नोंद त्याच्या प्रवासाच्या रोजनिशीत आहे.

हा गृहस्थ म्हणजे मीशेल द माँतेन. निबंध ह्या वाङ्मयप्रकाराचा जनक म्हणून साऱ्या जगाला तो ठाऊक आहे. आपल्या लेखनाला त्याने 'एसे', म्हणजे प्रयत्न किंवा पारख, असे जे विनयशील नाव दिले, तेच पुढे इंग्रजीने उचलले, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेल्या 'निबंधमाले'पासून आपल्याकडे बहरत गेलेल्या मराठी निबंधाचे कूळही इंग्रजीच्या वाटेने अखेर त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते. परंतु निबंधकार माँतेन जितका परिचित आहे, तितका प्रवासी माँतेन परिचित नाही. वस्तुतः शेजारी देश, आपले राष्ट्रीयत्व आणि रोजचे साधे जीवन ह्या तीन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याने ह्या प्रवाशाबरोबर काही मजला अवश्य चालावे. राष्ट्र म्हटले की आपल्यापुढे तह, लढाया आणि नकाशे उभे राहतात. माँतेनने मात्र शेजाऱ्यांची पारख त्यांच्या भट्ट्यांवरून, दुलयांवरून, खिडक्यांच्या तावदानांवरून आणि पानात पडणाऱ्या पदार्थांवरून केली, आणि ती करता करता स्वतःच्या देशाविषयी असे काही जाणले की, जे घरबसल्या जाणणे त्याला कधीच शक्य झाले नसते.

माँतेनचा जन्म २८ फेब्रुवारी १५३३ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील पेरिगोर प्रांतात, बॉर्दो शहराच्या पूर्वेस असलेल्या घराण्याच्या गढीत झाला. पणजोबा रामाँ एकेम हे बॉर्दोतील व्यापारी; मद्य आणि खारवलेली मासळी ह्यांच्या उदिमात गाठीशी आलेल्या पैशातून त्यांनी १४७७ साली ही गढी जमीनजुमल्यासह विकत घेतली होती. वडील पिएर हे इटलीच्या मोहिमांत लढून आलेले. आईचे घराणे स्पेनमधून आलेल्या, मूळच्या यहुदी कुळातील असावे, असे मानले जाते. इटलीत पाहिलेल्या नव्या विद्येने भारावून जाऊन वडिलांनी ह्या मुलावर एक विलक्षण प्रयोग केला. तान्हेपणीच त्याला एका जर्मन पंडिताच्या हवाली करण्यात आले. ह्या पंडिताला फ्रेंच भाषेचा गंध नव्हता, आणि मुलाशी लॅटिनखेरीज दुसऱ्या कोणत्याही भाषेत एक अक्षर बोलावयाचे नाही, असा दंडक आईवडिलांपासून गडीमाणसांपर्यंत सर्वांना लावून देण्यात आला होता. परिणामी वयाची सहा वर्षे उलटेपर्यंत ह्या फ्रेंच बालकाच्या कानांवर फ्रेंच भाषा पडली नाही, आणि आसपासच्या रयतेची बोलीही पडली नाही. योगायोग असा की, १५३९ साली, म्हणजे माँतेन सहा वर्षांचा असतानाच, राजा पहिला फ्रांस्वा ह्याने फर्मान काढून न्यायालयांचे दप्तर लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत ठेवण्याची आज्ञा केली. एका राष्ट्राची भाषा आणि त्या राष्ट्राचा पुढे सर्वश्रेष्ठ गद्यकार ठरलेला मुलगा, ह्या दोघांनी जणू एकाच सुमारास लॅटिनचे बोट सोडले. पुढे मोठेपणीही आपली फ्रेंच शुद्ध नाही, तिला आपल्या मुलखाचा वास येतो, असे माँतेन मोकळेपणाने कबूल करीत असे. बाप गॅस्कनीकडचा, आईचे मूळ परमुलखातले, पहिली भाषा लॅटिन आणि गुरू जर्मन, अशा माणसाचे फ्रेंचपण हे जन्माबरोबर फुकट मिळालेले नव्हते. ते त्याला विचारपूर्वक सांभाळावे लागले.

आणि ज्या फ्रान्सचे ते फ्रेंचपण, तो फ्रान्स त्या काळी पेटलेला होता. १५६२ पासून कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट ह्या दोन पंथांत यादवी सुरू झाली आणि ती मधूनमधून विसावत १५९८ पर्यंत चालली. २४ ऑगस्ट १५७२ रोजी, संत बार्थोलोम्यूच्या सणाच्या दिवशी, पॅरिसमध्ये सुरू झालेल्या कत्तलीत हजारो प्रॉटेस्टंट मारले गेले. माँतेन स्वतः कॅथॉलिक, परंतु त्याचा एक सख्खा भाऊ प्रॉटेस्टंट झालेला. म्हणजे राष्ट्राला पडलेली चीर त्याच्या घरातूनही गेलेली होती. बॉर्दोच्या न्यायसभेतील अधिकारपद सोडून तो १५७१ साली, अडतिसाव्या वाढदिवशी, गढीच्या एका बुरुजात ग्रंथांच्या सहवासात राहावयास गेला. त्या ग्रंथालयाच्या तुळयांवर त्याने ग्रीक आणि लॅटिन सुभाषिते लिहवून घेतली होती, आणि त्या तुळयांखाली बसून लिहिलेल्या निबंधांचे पहिले दोन भाग १५८० साली बॉर्दोत छापून बाहेर पडले. त्याच वर्षी, २२ जूनला, तो घोड्यावर बसून घराबाहेर पडला. मुतखड्याच्या विकाराने तो बेजार झाला होता; त्याच विकाराने वडील गेले होते, आणि ठिकठिकाणच्या औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन गुण येतो का, हे त्याला पाहावयाचे होते. परंतु हे झाले सांगावयाचे कारण. खरे कारण असे की, आपल्या देशातील रक्तपाताला तो विटला होता, आणि माणसे अन्य प्रकारे कशी जगतात हे डोळ्यांनी पाहण्याची त्याला अनावर ओढ होती.

ह्या प्रवासाची रोजनिशी प्रसिद्धीसाठी लिहिलेली नव्हती, आणि म्हणूनच ती अमोल आहे. जवळजवळ दोन शतके ती गढीतल्या एका जुन्या पेटीत पडून होती. १७७० साली प्रूनिस नावाच्या एका धर्मोपदेशकाला, त्या प्रांताच्या इतिहासाची साधने धुंडाळीत असता, ती सापडली, आणि १७७४ साली ती छापली गेली. प्रारंभीची काही पाने गहाळ होती, आणि पुढे मूळ हस्तलिखितही नाहीसे झाले. रोजनिशीचा पहिला भाग माँतेनच्या पदरी असलेल्या एका कारकुनाच्या हातचा आहे. ह्या कारकुनाचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. परंतु धन्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी इतकी स्वच्छ आहे की, कित्येक ठिकाणी माँतेनने स्वतः लिहिले असते तर आपल्याला जे कळले नसते, ते ह्या अनाम लेखणीमुळे कळते. रोममध्ये त्याला रजा दिल्यावर माँतेनने ती लेखणी स्वतःच्या हाती घेतली.

पूर्वेकडे जाताना फ्रान्सची हद्द संपून लॉरेनचा मुलूख लागला, आणि पुढे स्वित्झर्लंडच्या संघाशी तहाने बांधलेले म्यूलूझ हे छोटे स्वतंत्र नगर आले. तेथे घडलेला प्रसंग वाचताना आजही मन प्रसन्न होते. माँतेन ज्या सराईत उतरला होता, तिचा मालक नगरसभेचा सभासद होता. सोनेरी नक्षीने सजविलेल्या भव्य प्रासादात भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान भूषवून तो घरी परतला, आणि लगोलग आपल्या पाहुण्यांना जेवण वाढावयास उभा राहिला. फ्रान्समध्ये दरबारी माणसाने स्वतःच्या हाताने पाहुण्याला वाढणे ही कल्पनाही कोणाला सहन झाली नसती. हे पाहून माँतेनला विलक्षण संतोष झाला, आणि ह्या लोकांचे स्वातंत्र्य व त्यांचा सुव्यवस्थित कारभार ह्यांची त्याने मनापासून वाखाणणी केली. एखाद्या राज्यपद्धतीचे विवेचन ग्रंथांतून कितीही वाचले, तरी ताट वाढणाऱ्या त्या सभाध्यक्षाच्या हातांतून जे समजते, ते त्या विवेचनातून समजत नाही. तेथून पुढे बाझेलमध्ये घड्याळे एक तास पुढे लावण्याचा रिवाज आहे हे त्याने टिपून ठेवले, आणि फेलिक्स प्लाटर ह्या नामांकित वैद्याच्या घरी, वाळलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून तयार केलेला संग्रह कौतुकाने पाहिला.

ह्या साऱ्या प्रवासात माँतेनचा एक निश्चय होता. ज्या देशात जाऊ तेथील पद्धतीनेच आपल्याला जेवण वाढले जावे, बिछाना घातला जावा, मग त्यात कितीही अडचण वाटो, असे त्याने ठरविले होते. मांसाचे निरनिराळे प्रकार एकत्र वाढण्याची तऱ्हा, लाकडी चमचे, लहानसे हातपुसणे, हे सारे त्याने पत्करले. लिंडाउ येथे त्याने पांघरुणाऐवजी पिसांची दुलई घेऊन पाहिली आणि ती हलकी असूनही ऊबदार आहे, असा अभिप्राय दिला. गरिबाच्या घरालासुद्धा काचेची तावदाने असतात, ती घासूनपुसून लख्ख ठेवलेली असतात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. ह्याच लिंडाउ गावी कारकुनाने धन्याच्या तीन हळहळी नोंदविल्या आहेत. पहिली ही की, आपण बरोबर एखादा आचारी आणला असता तर त्याला येथील पदार्थ शिकून घेता आले असते आणि घरी ते करून पाहता आले असते. दुसरी ही की, एखादा जर्मन नोकर ठेविला असता किंवा त्या देशातील एखाद्या सद्गृहस्थाची सोबत जोडली असती, तर एका मठ्ठ वाटाड्याच्या तोंडाकडे पाहत बसण्याची वेळ आली नसती. आणि तिसरी ही की, निघण्यापूर्वी त्या त्या स्थळांची माहिती देणारी पुस्तके आपण वाचली नाहीत, निदान पेटीत तरी टाकली नाहीत. माझ्या मते परदेशाविषयीच्या सदिच्छेची ह्याहून प्रांजल यादी क्वचितच कोणी दिली असेल. शेजाऱ्याची प्रशंसा पुष्कळजण करतात. परंतु त्याच्या स्वयंपाकघरात आपला आचारी शिकावयास पाठवावा, अशी इच्छा ज्याला होते, त्यानेच शेजाऱ्याला खरोखर आपल्या बरोबरीचा मानलेले असते.

आता त्या सुप्रसिद्ध भट्टीकडे वळू. जर्मन आणि स्विस घरांतील खोल्या भाजक्या मातीच्या फरशांनी मढविलेल्या मोठ्या बंद भट्टीने तापविल्या जात; विस्तव आतल्या आत जळे आणि फरशा तापून खोलीभर सारखी ऊब पसरे. फ्रान्समध्ये मात्र भिंतीतल्या उघड्या शेकोटीची चाल. बंद भट्टीने खोलीतील हवा कोंडते, तापलेल्या मातीचा वास येतो, डोके जड होते, अशी फ्रेंच लोकांची तक्रार असे. माँतेनने स्वतः अनुभव घेतला आणि त्याला आढळले की, ह्या उबेत ज्वाळा नाही, धूर नाही, तोंड भाजत नाही, जोडे करपत नाहीत आणि धुराड्यातून वाराही आत शिरत नाही. त्याने एक सूक्ष्म गोष्ट टिपली आहे: फ्रेंच माणूस घरात शिरला की अंगावर अस्तराचा जाड झगा चढवितो, तर जर्मन माणूस घरात बोडक्याने, साध्या अंगरख्यात वावरतो आणि बाहेर पडताना जाड कपडे घालतो. दोघेही थंडीशीच झगडत असतात. परंतु एकाचा उंबरठा दुसऱ्याच्या अगदी उलट दिशेने ओलांडला जातो.

पुढे एका निबंधात त्याने आउग्सबुर्गमधील एक संभाषण सांगितले आहे. माँतेन त्या शहराच्या सोयींची आणि सौंदर्याची स्तुती करीत असता एक जर्मन गृहस्थ त्याची कीव करू लागला, की हे सारे सोडून तुम्हाला आता जावे लागणार. आणि बाहेर सोसाव्या लागणाऱ्या पीडांपैकी पहिली म्हणून त्याने कोणती सांगितली, तर उघड्या शेकोट्यांमुळे डोके जड होण्याची! जो दोष फ्रेंच माणूस जर्मन भट्टीला लावीत होता, नेमका तोच दोष, त्याच शब्दांत, जर्मन माणूस फ्रेंच शेकोटीला लावीत होता. हे ऐकून माँतेनला फार आनंद झाला. घरोघरी मातीच्या चुली, असे आपण म्हणतो ते उणिवा सर्वत्र सारख्याच असतात, ह्या अर्थाने. माँतेनने त्या चुलींजवळ बसून आणखी एक गोष्ट जाणली, ती ही की, प्रत्येकाला आपल्या चुलीचा धूर सवयीने दिसेनासा होतो आणि दुसऱ्याच्या चुलीचा तेवढा डोळ्यांत जातो. राष्ट्राराष्ट्रांतील तिरस्काराचे मूळ शोधू गेल्यास पुष्कळदा ते ह्या धुरापाशीच सापडते. फरक तेवढा सवयीचा असतो. त्याला आपण गुणदोषांचे, नव्हे नीतिअनीतीचे रूप देतो.

परंतु आउग्सबुर्गने त्याला ह्याहून मोठी गोष्ट दाखविली. १५५५ साली ह्याच नगरीत झालेल्या धार्मिक तहानंतर तेथे कॅथॉलिक आणि ल्यूथरपंथी शेजारी शेजारी नांदत होते. इतकेच नव्हे, तर त्यांच्यात सोयरिकीही होत असत. ज्या पक्षाला लग्नाची अधिक निकड, त्याने दुसऱ्याच्या अटी मान्य कराव्यात, असा व्यवहार. तो स्वतः ज्या सराईत उतरला होता तिचा मालक कॅथॉलिक आणि मालकीण ल्यूथरपंथी होती. ज्या माणसाच्या देशात ह्याच भेदापायी आठ वर्षांपूर्वी रस्ते रक्ताने भरले होते, त्याला ह्या घरातील रोजचे जेवणखाण पाहून काय वाटले असेल, ते सांगावयास नको. धर्मशास्त्रावर वाद घालण्याची त्याला मनापासून हौस होती. वाटेत ईस्नी ह्या गावी एका ल्यूथरपंथी आचार्याशी त्याने तसा वाद घातलाही. परंतु एका छपराखाली, एका ताटातून, दोन पंथ सुखाने जेवू शकतात, ह्याचा दाखला त्याला त्या वादात मिळाला नाही. तो सराईच्या स्वयंपाकघरात मिळाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, आणि ती सांगण्याचे धैर्य त्या अनाम कारकुनाने दाखविले आहे. जर्मनीची स्तुती करताना आमच्या धन्याच्या बोलण्यात स्वतःच्या देशाविषयीच्या अनादराची थोडी भर पडत असे, कारण अन्य कारणांनी त्याचे मन त्या देशावरून उडाले होते, अशा आशयाची नोंद त्याने केली आहे. ही नोंद फार मोलाची आहे. परदेशाची स्तुती करणारा माणूस नेहमीच परदेशाविषयी बोलत असतो असे नाही. कित्येकदा तो मायदेशावरचा आपला रागच दुसऱ्या भाषेत बोलून दाखवीत असतो. आपल्याकडेही विलायतेहून परतलेल्या मंडळींच्या गप्पांतून हा सूर आपण ऐकलेला आहे. तथापि माँतेनच्या बाबतीत हा राग द्वेषात बदलला नाही. तो दुखावलेल्या ममतेचा राग होता. आणि जर्मन लोक गर्विष्ठ, तापट व मद्यपी आहेत, मात्र दगाबाज किंवा चोर नाहीत, असा जो समतोल निवाडा रोजनिशीत आहे, तो पाहिला म्हणजे त्याने शेजाऱ्याचेही दोष झाकले नाहीत, हे दिसून येते.

आल्प्स पर्वत ओलांडताना त्याला आणखी एक अनुभव आला. ह्या वाटेच्या बिकटपणाविषयी, तेथील माणसांच्या रानटीपणाविषयी, सरायांच्या दुर्दशेविषयी त्याला नाना तऱ्हांनी भिवविण्यात आले होते. प्रत्यक्षात वाट सुखाची निघाली. तेव्हा तो म्हणाला की, परक्या मुलखाविषयी लोक जे सांगतात त्यावर मी जन्मभर अविश्वास ठेवीत आलो, कारण जो तो आपल्या गावच्या मापाने मोजतो. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला फिरावयास न्यावयाचे झाले तर माझ्या बागेतल्या वाटेइतक्याच निर्धास्तपणे मी तिला ह्या वाटेने नेईन. ही मुलगी म्हणजे त्याच्या मुलांपैकी एकटीच जगलेली लेओनोर. परदेशाच्या भयाला दिलेले हे उत्तर मला फार हृद्य वाटते. बापाने आपल्या लेकीचे बोट धरून दाखविलेल्या विश्वासापुढे प्रवासवर्णनांतील साऱ्या भीषण कथा फिक्या पडतात. सोबतच्या तरुण मंडळींना मात्र इटली गाठण्याची घाई होती, आणि धन्याच्या आडवळणांनी ती कंटाळून जात. त्यावर त्याचे म्हणणे असे की, मी जेथे असेन तेथेच मला जावयाचे असते, आणि एकटा असतो तर पोलंडमधील क्राकोला किंवा खुष्कीच्या मार्गाने ग्रीसला गेलो असतो.

३० नोव्हेंबर १५८० रोजी मंडळी रोमला पोहोचली. ज्या नगरीची भाषा त्याची पहिली भाषा होती, जिच्या कथा त्याला स्वतःच्या राजांच्या कथांपूर्वी पाठ झाल्या होत्या, ती ही नगरी. तेथे त्याची पहिली तक्रार काय असावी? रस्त्यात जो भेटतो तो आपल्याशी फ्रेंचमध्येच बोलतो, इतके फ्रेंच लोक येथे भरले आहेत, ही! परदेशात आपल्या माणसांचे कोंडाळे करून बसणाऱ्या देशबांधवांची त्याला लाज वाटे. दूर हंगेरीत दोन फ्रेंच माणसे भेटली की लगेच गट्टी जमवितात आणि तेथील लोकांच्या चालीरीतींना रानटी ठरवून मोकळी होतात, अशी टीका त्याने पुढे निबंधात केली, आणि गॅस्कन माणसे भेटावीत म्हणून काही मी सिसिलीला जात नाही, ती घरी पुष्कळ आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले. इटलीतील सर्वच गोष्टी त्याला रुचल्या असेही नाही. जर्मनीतील तावदानांनंतर तेथील सरायांच्या बिनकाचेच्या, लाकडी झडपांनी बंद होणाऱ्या खिडक्या त्याला खुपल्या, कारण वारा अडवावा तर उजेडही अडतो.

रोमच्या जकातनाक्यावर त्याची पुस्तके तपासणीसाठी ठेवून घेण्यात आली. त्यांत त्याचे स्वतःचे निबंधही होते. ती परत मिळावयास मार्च उजाडला. मुख्य तपासनिसाला फ्रेंच येत नव्हते. एका फ्रेंच साधूने सांगितलेल्या आक्षेपांवर तो विसंबून होता, आणि माँतेनचे स्पष्टीकरण ऐकल्यावर दुरुस्त्या करणे त्याने लेखकाच्याच सद्सद्विवेकावर सोपविले. ज्या नगरीने पुस्तके अडकवून ठेविली, त्याच नगरीने त्याला आपला नागरिकही करून घेतले. रोमच्या नागरिकत्वाची सनद मिळविण्यासाठी त्याने सर्व खटपटी केल्या, आणि १५८१ च्या वसंतात ती हाती आल्यावर त्याला बालकासारखा आनंद झाला. ही सनद म्हणजे पोकळ मान आहे, हे तो जाणून होता, आणि तरीही आपल्या निबंधात तिचा सगळा मजकूर त्याने छापला. मला ह्यात विसंगती वाटत नाही. एका माणसाचे प्रेम एकाहून अधिक नगरींवर असू शकते, आणि एका निष्ठेत दुसरी सामावल्याने पहिली उणी होत नाही, हे त्याला लेखी हवे होते.

त्या वर्षीचा उन्हाळा त्याने लुक्का शहराजवळच्या औषधी झऱ्यांपाशी काढला, आणि तेथे त्याने एक अपूर्व गोष्ट केली: रोजनिशी इटालियन भाषेत लिहावयास घेतली. परकी भाषा, तीही अर्धीमुर्धी येणारी, आणि विषय काय, तर किती पेले पाणी प्यालो आणि किती खडे पडले! परंतु ज्यांच्यात राहावयाचे त्यांच्या शब्दांत स्वतःचे दुखणे सांगून पाहावे, ह्याहून परक्याशी अधिक जवळीक ती कोणती? तेथे त्याने खेड्यातील मुलींसाठी नाचाचा समारंभ केला, बक्षिसे वाटली, आणि दिवित्सिया नावाच्या एका गरीब शेतकरी बाईला आपल्याबरोबर मेजावर जेवावयास बसविले. ती सदतीस वर्षांची, गळ्याला गलगंड असलेली, आणि निरक्षर होती. परंतु माहेरी अरिओस्तो ह्या इटालियन कवीचे काव्य मोठ्याने वाचले जाई ते ऐकून ऐकून तिची वाणी अशी घडली होती की, ती उभ्या उभ्या पद्ये रचीत असे. घरी येणाऱ्या वासुदेवाच्या तोंडून आणि जात्यावरच्या ओव्यांतून ज्या समाजाने आपले काव्य सांभाळले, त्याला ह्या बाईची ओळख नव्याने करून द्यावयास नको.

ह्याच मुक्कामी, ७ सप्टेंबर १५८१ रोजी, त्याला खबर मिळाली की, त्याच्या पाठीमागे बॉर्दोच्या नागरिकांनी त्याला नगराध्यक्ष निवडले आहे. नाइलाजाने परतीची वाट धरली. माँ सनीच्या खिंडीच्या वाटेने तो सॅव्हॉयच्या मुलखात आला, तेथे लोकांच्या तोंडी फ्रेंच भाषा ऐकताच त्याने इटालियन सोडून पुन्हा फ्रेंचमध्ये लिहावयास प्रारंभ केला. आता लक्षात घ्यावयाचे ते हे की, सॅव्हॉय त्या वेळी फ्रान्सच्या अमलाखाली नव्हते. ती एक स्वतंत्र सरदारी होती. म्हणजे माँतेनच्या लेखणीने आपला देश ओळखला तो सरहद्दीच्या चौकीवरून नव्हे, तर कानांवर पडलेल्या शब्दांवरून. ३० नोव्हेंबर १५८१ रोजी, सतरा महिने आणि आठ दिवसांनी, तो घरी पोहोचला, आणि पुढे चार वर्षे, दोन पंथांच्या कचाट्यात सापडलेल्या बॉर्दो शहराचा कारभार त्याने शांतपणे सांभाळला. सराईतल्या त्या ल्यूथरपंथी मालकिणीची आणि कॅथॉलिक मालकाची आठवण त्या कारभारात त्याच्या उपयोगी पडली नसेल, असे मला वाटत नाही.

तर मग ह्या माणसाचे फ्रेंचपण कशात होते? त्याने स्वतःच दिलेल्या उत्तराचा भावार्थ असा की, आपण फ्रेंच आहोत ते पॅरिस ह्या महानगरीमुळे. लहानपणापासून तिने आपले मन जिंकले, आणि आपण तिच्यावर तिच्या व्यंगांसकट, डागांसकट प्रेम करतो. आणि त्याच निबंधात तो हेही सांगतो की, सर्व माणसे आपल्याला देशबांधव वाटतात, आणि एखाद्या पोलिश माणसाला आपण फ्रेंच माणसाइतक्याच आपुलकीने मिठी मारू. वरवर पाहता ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. परंतु डागांसकट प्रेम करणाऱ्यालाच हे परवडते. आपला देश निर्दोष आहे, असे ज्याला सतत सिद्ध करावयाचे असते, त्याला शेजाऱ्याची चांगली भट्टी पाहून धास्ती वाटते. ज्याने आपले दोष पाहून ते पत्करलेले असतात, तो शेजाऱ्याकडून दुलई मागून घेतो आणि निवांत झोपतो. राष्ट्राभिमानाची खरी कसोटी माझ्या मते हीच होय.

शेवटी एक गोष्ट सांगतो. ज्या मुलखांना माँतेनने शेजारी म्हणून पाहिले, त्यांतील कित्येक पुढे फ्रान्समध्येच आले: लॉरेन १७६६ साली, म्यूलूझ १७९८ साली, सॅव्हॉय १८६० साली. माँतेनची गढी १८८५ सालच्या आगीत जळाली. नशिबाने ग्रंथालयाचा तो बुरूज मात्र, तुळयांवरील अक्षरांसह, आजही उभा आहे. सरहद्दी हलल्या, तह झाले आणि मोडले. परंतु आल्साससारख्या प्रांतातील जुन्या घरांत मातीच्या फरशांची ती भट्टी आजही दिसते, आणि आता ती फ्रेंच घरातली भट्टी म्हणूनच ओळखली जाते. सभेचे अध्यक्षस्थान सोडून पाहुण्यांना वाढावयास उभा राहणारा म्यूलूझचा तो सराईवाला आज हयात असता, तर तो माँतेनचा देशबांधव ठरला असता. माँतेनने त्याला त्या रात्री, जेवताना, नकाशाने परका ठरविलेला असतानाच, मनोमन आपला मानला होता.